मामींची मिसरी

रविवार, २ नोव्हेंबर. जवस निवडायला घेतलं आहे. दौंडच्या बाजारातून आणलेल्या जवसात माती, काडीकचरा आणि दुकानदाराचा निर्लज्जपणा असं सगळं मिळून येतं. सूप मांडीवर घेतलं की मला मामी आठवतात. त्या समोर बसायच्या, स्वतः एक दाणा उचलायच्या नाहीत आणि माझ्या चुका काढायच्या. "पोरी, खडा गेला बघ. आमच्या घोडनदीला असं निवडलं असतंस तर सासूनं सूप डोक्यात घातलं असतं." माहेर शिरूरचं, पण त्यांनी शिरूर हे नाव कधी घेतलं नाही. घोडनदीच म्हणायच्या. आणि जगात जे जे नीट होत असे ते सगळं घोडनदीला होत असे.

मामी म्हणजे माझ्या नवऱ्याची मामी, यशोदा. नवऱ्याला कुरकुंभच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा पाटसजवळ मामींच्या गावातच, त्यांच्या घराला लागून आम्ही घर बांधलं. पुढच्या खोलीत मी पिठाची गिरणी टाकली. सकाळी मी शटर वर केलं की मामी हजर. एका हातात काढ्याचा पितळी पेला, दुसऱ्या हातात मिसरीची डबी. गव्हाच्या पोत्यावर बसायचं, काढा एका दमात प्यायचा, तोंड असं करायचं की समोरच्या बाईला वाटावं आपलंच काही चुकलं, आणि मग भिंतीकडे तोंड फिरवून मिसरी लावायची. भाजून काळी केलेली तंबाखू दातांना लावायची सवय आमच्याकडच्या पुष्कळ बायकांना आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण मामी पाठ फिरवायच्याच. "भाचेसुनंम्होरं मिसरी लावणं शोभत न्हाई," म्हणायच्या. याच भाचेसुनेसमोर त्या मामांविषयी जे बोलायच्या, ते मला इथे लिहिता येणार नाही.

काढा अर्जुनसादड्याच्या सालीचा. त्याची सुरुवात झाली मामींची पाळी गेल्यावर. वावरातून भाजीची पाटी घेऊन येताना त्यांना धाप लागायला लागली, छातीत धडधडायला लागलं. दौंडच्या डॉक्टर मॅडमकडे मीच नेलं. प्रेशर निघालं, रक्तात चरबी निघाली. मॅडमनी समजावून सांगितलं की पाळी चालू असते तोवर बाईच्या हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना शरीरातूनच थोडं संरक्षण असतं, ते पुढे कमी होतं. मामींनी ते तिथे मान हलवत ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी गिरणीत जमलेल्या बायकांना आपल्या पद्धतीने ऐकवलं.

"पाळी हाय तवर बाईच्या काळजाला आतनं वॉचमन असतोय. पाळी गेली की वॉचमन रिटायर. मग गेट उघडंच. मीठ, तेल, तूप, नवरा, समदे आत घुसत्यात."

मॅडमनी गोळी लिहून दिली होती. मीठ कमी, रोज चालणं, आणि मिसरी बंद, असंही सांगितलं होतं. गावात मात्र मामींनी वेगळंच जाहीर केलं. मॅडम पोरगी गुणाची आहे, पण गोळीची आपल्याला गरज नाही. ओढ्याकडेच्या आपल्या बांधावर अर्जुनसादडा उभा आहे, तो काय शोभेला आहे का?

साल काढायला त्या स्वतः जायच्या. झाडाला हात जोडून सांगायच्या, "बाबा, थोडी चामडी घेते, राग धरू नको." तळहाताएवढा तुकडा काढायच्या, पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूचा. सावलीत वाळवून, कुटून, पाण्यात उकळून त्याचा तांबडा काढा. शिवाय जवसाची चटणी, कच्चा लसूण, शेवग्याचा पाला, भिजवलेली मेथी. एक उन्हाळा दुधीच्या रसाचा गेला. रस करण्याआधी दुधीची चकती जिभेला लावून बघायच्या. कडू लागली की अख्खा दुधी उकिरड्यावर. कडू दुधीचा रस विषासारखा, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि इतरांच्या दुधीचीही चव त्या न विचारता घ्यायच्या. या सगळ्या प्रयोगांत मामा आपोआप भरती झाले. त्यांची पाळी जायचा प्रश्न नव्हता, पण ताट एकच. सकाळी लसूण, दुपारी जवस, रात्री शेवगा. मामा एकदा मला म्हणाले, "मंगल, वॉचमन हिचा रिटायर झाला आन् पहारा माझ्यावर बसलाय."

वर्षाच्या आत मामींची धाप गेली. पाटी डोक्यावर घेऊन त्या बांधावरून अशा यायच्या की मागची सून धापा टाकायची. मग काय, बायका विचारायला लागल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायका प्लास्टिकच्या वाट्या, कंगवे, चाळण्या वाण म्हणून लुटतात. मामींनी सालीच्या पुरचुंड्या लुटल्या. तिळगूळ हातावर ठेवायचा आणि कानात सांगायचं, "पाळी गेली का? मग रोज सकाळी." एका नव्या नवरीलाही त्यांनी विचारलं. ती रडायला लागली.

पुरचुंड्या संपल्या तशा बायका सरळ झाडाकडे गेल्या. हात जोडणं वगैरे मामींचं होतं, यांनी कोयते नेले. होळीपर्यंत हात पोचेल तिथवर झाड चारी बाजूंनी सोललेलं. अख्ख्या गावाचं प्रेशर त्या एका झाडावर आलं होतं. मामी चिडल्या, पण भांडायला गेल्या नाहीत. शेणमातीचा लेप केला, खोडाला थापला आणि वरून आपलं जुनं हिरवं लुगडं गुंडाळलं. चार दिवसांनी जाऊन बघतो तर बुंध्याशी हळदकुंकू, एक नारळ आणि विझलेली उदबत्ती. हायवेकडे जाणाऱ्या कुणा भाविकाला झाडाने लुगडं नेसलेलं दिसलं आणि त्याने आपलं कर्तव्य केलं. मी म्हटलं, मामी, लोकांना खरं सांगा, नाहीतर इथे जत्रा भरेल.

"गप ऱ्हा," मामी म्हणाल्या. "झाडाची साल कुणी बी काढंल. देवीची काढायची हाय का कुणाची टाप?"

झाड वाचलं. नारळ मामींनी घरी आणला. खोबरं मामांना दिलं नाही, चरबी वाढेल म्हणून. स्वतः खाल्लं.

इथपर्यंत सगळी गंमत होती. आता लताचं सांगते.

लता आमच्या मागच्या आळीतली. कुरकुंभच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला. पाळी गेल्यावर तिलाही प्रेशर निघालं होतं, मॅडमनी तिलाही गोळी दिली होती, आणि ती नियमाने घेतही होती. वाणाची पुरचुंडी मिळाली, मामींची चाल डोळ्यांसमोर होती, तिने गोळी बंद केली. दिवसभर कंपनीत दुनियेच्या गोळ्या खोक्यात भरायच्या आणि घरी येऊन सालीचा काढा प्यायचा. मी तिला त्यावरून हसलेही होते. ती म्हणाली, "मंगलताई, हलवाई कुठं मिठाई खातो?"

एका सकाळी पहिल्या शिफ्टला जाताना ती फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती, तिथेच खाली बसली. बरोबरच्या बायकांना वाटलं, उपास असेल. पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि पर्स हातातून सुटली ती तिला उचलता येईना. एका टेंपोवाल्याने तिला दौंडला दवाखान्यात पोचवलं. वेळेत पोचवलं, म्हणून निभावलं. मी आणि मामी गेलो तेव्हा डॉक्टर सांगत होते, प्रेशर फार चढलं होतं, मेंदूच्या नसेत गुठळी झाली, पण हात सुधारेल. गोळी कधी बंद केली, असं त्यांनी विचारलं. लताने मामींकडे बघितलं आणि जड जिभेने, एकेक शब्द ढकलत म्हणाली, "मामी, काढा येक दिस बी चुकवला न्हाई."

तिला कौतुक हवं होतं. तेच वाईट होतं.

परत येताना एसटी स्टँडवर गाडीला वेळ होता. मामी बाकावर बसल्या. मग त्यांनी कमरेची मिसरीची डबी काढली आणि या वेळी पाठ न फिरवता माझ्यासमोर उघडली. आत मिसरी नव्हती. कात्रीने कापलेल्या पाकिटातल्या पांढऱ्या गोळ्या होत्या.

मिसरी त्यांनी मॅडमनी सांगितलं त्याच दिवशी सोडली होती. आणि गोळी त्याच दिवशी सुरू केली होती. रोज सकाळी माझ्या गिरणीत, भिंतीकडे तोंड करून, माझ्याच माठातल्या पाण्याबरोबर. मॅडमना काढ्याचंही विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, जवस, लसूण, शेवगा खुशाल खा, काढाही माझ्या नजरेखाली थोडा घ्या, पण गोळी सोडायची नाही. गावाला मामींनी यातलं पहिलं अर्धं सांगितलं होतं.

मी विचारलं, मग लपवलं कशाला? व्यसन उघड्यावर आणि औषध चोरून, हा कुठला न्याय?

"मिसरी लावणाऱ्या बाईला कुणी घरात बसवीत न्हाई," मामी म्हणाल्या. "गोळी खाणाऱ्या बाईला बसवत्यात. माझ्या थोरल्या जावंचं काय झालं? गोळी सुरू झाली तशी सुनंनं चाव्या घेतल्या, ल्येकानं वावर वाट्यानं दिलं. आई, तुमी आराम करा. आराम करून करून मेली ती."

त्यांचा मुलगा दत्ता. तो वाईट नाही, पण त्याचा डोळा मामींच्या भाजीच्या तुकड्यावर होताच. बाकी सगळं रान उसाखाली, तेवढा एक तुकडा मामींचा. मेथी, लसूण, कडेला शेवगा, दसऱ्याला झेंडू. त्यात काय लावायचं ते मामी ठरवायच्या, आणि आयुष्यात त्यांना कुणाला न विचारता ठरवता येणारी तेवढीच जागा होती. आईला हृदयाचा त्रास आहे हे एकदा कळलं की तिथेही ऊस उभा राहणार.

म्हणजे बोलल्या तर तुकडा जाणार, आणि नाही बोलल्या तर गावात आणखी पाचसहा लता होत्या.

मी व्यवहारी बाई आहे. मी तोड सुचवली. तुमची देवी आहेच की बांधावर. येत्या अमावस्येला बायका नारळ घेऊन जमतील तेव्हा अंगात आणा, केस सोडा, आणि सांगा की गोळी चुकवाल तर माझ्याशी गाठ आहे. कुणी प्रश्न विचारणार नाही, तुमचंही झाकलेलं राहील. मामींनी खरोखर विचार केला. मला वाटतं मनात एकदोनदा घुमूनही बघितलं, कारण मान जरा डोलली. मग म्हणाल्या, "न्हाई. काढा म्या देवीच्या तोंडानं सांगितला नव्हता. गोळी बी माझ्याच तोंडानं सांगावी लागंल." आणि वर, "अंगात मला चांगलं आलं असतं, ही गोष्ट येगळी."

रविवारी गिरणीत गर्दी असते. मामी आल्या, पोत्यावर बसल्या, काढा प्यायल्या, तोंड वाकडं केलं. मग भिंतीकडे वळल्या नाहीत. मला गिरणी बंद करायला लावली. पट्ट्याचा आवाज थांबल्यावर बायका आपोआप गप्प झाल्या. मामींनी डबी उघडून सगळ्यांसमोर धरली.

"ही माझी मिसरी. रोज खाते. काढा बी खरा, गोळी बी खरी. म्या तुमाला निम्मंच सांगितलं. लता पडली ती माझ्या उरलेल्या निम्म्यानं."

एवढं बोलून त्यांनी गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायल्या. मग मागून एकीने टोमणा टाकला, "म्हंजी मामींनी वाण बी निम्मंच लुटलं म्हणायचं." हशा झाला, पण सगळ्या हसल्या नाहीत. दोघी जणी आपलं दळण उचलून बाजूच्या गावच्या गिरणीत गेल्या, त्या दिवाळीपर्यंत आल्या नाहीत. गिऱ्हाईक माझं तुटलं, कबुली मामींची.

लता घरी आल्यावर मामी रोज तिच्याकडे जायच्या. हाताला व्यायाम द्यायच्या, भाकरी करून द्यायच्या. लता हात पुढे करायची, बोलायची मात्र नाही. मामींनीही माफी मागितली नाही, तो शब्द त्यांच्याकडे नव्हता. एक दिवस लताची मूठ पहिल्यांदा नीट वळली, तेव्हा ती म्हणाली, "मामी, वाणात मला काढ्याऐवजी तुमची मिसरी दिली असती तर बरं झालं असतं."

"व्हय," मामी म्हणाल्या. "झालं असतं."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात छोटं उत्तर ते.

भीती होती तसंच झालं. दत्ताला कळलं, त्याने आईला खाट टाकून दिली आणि तुकड्यात ऊस लावायचा म्हणून सऱ्या पाडायला ट्रॅक्टर सांगितला. मामी खाटेवर बसल्या. चार दिवस अगदी शहाण्यासारख्या बसल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ट्रॅक्टर आला त्या सकाळी त्या तुकड्याच्या मधोमध येरझाऱ्या घालत होत्या. दत्ता म्हणाला, आई, बाजूला हो. मामी म्हणाल्या, "मॅडमनी चालायला सांगितलंय. घरात तुझ्या सोफ्यानं जागा ठेवली न्हाई. आता औषध बंद करू का आईचं?" ट्रॅक्टरवाला हसू दाबत निघून गेला. तुकडा शेवटपर्यंत मेथीलसणाचाच राहिला.

त्यानंतर गिरणीत नवी पद्धत पडली. सकाळी दळणाला येणारीने आपली गोळी बरोबर आणायची आणि मामींसमोर घ्यायची. मामी तिला गोळीची पंगत म्हणायच्या. कुणी काढ्याचं विचारलं तर उत्तर ठरलेलं, आधी मॅडमना विचार, मग मला. एकीने विचारलं, एकादशीला गोळी चालते का? मामी म्हणाल्या, "देवाला इचारलं म्या. साबुदाण्यापरीस हलकी हाय म्हणाला." लताही यायची. पंगतीत बसायची मामींपासून सगळ्यात लांब, पण यायची.

गेल्या श्रावणात मामी गेल्या. न्यूमोनिया झाला, वय झालं होतं, आठवडाभरात संपलं. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला वायरी लावून तपासलं आणि हृदय ठीक चाललंय म्हणाले. मामींनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं मामांना सांभाळ वगैरे सांगतील.

"गावात नीट सांग," त्या म्हणाल्या. "मी हार्टानं गेले न्हाई. न्हाईतर त्या बाया म्हणतील, गोळी बी फुकट गेली."

मी सांगितलं. दहाव्याला सगळ्यांना सांगितलं. तरी मामी नाहीत म्हटल्यावर पंगत पातळ होत गेली. बायका दळण ठेवून जातात आणि नंतर मुलांना पाठवतात. झाडाने साल धरली आहे, लुगडं विरलं. मामांनी मागच्या महिन्यात नवीन नेसवलं.

आणि काल मी दौंडला गेले होते. माझी पाळी जाऊन आता बरेच दिवस झाले. मॅडमनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, प्रेशर दोनदा मोजलं आणि गोळी लिहून दिली. पाकीट आणलं आणि मीठमसाल्याच्या कपाटात, हळदीच्या बरणीमागे ठेवलं. माझ्या सुनेच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी. का ठेवलं ते मामी असत्या तर त्यांना मला विचारावं लागलं नसतं. जवस निवडून झालं आहे. दोन खडे सुटले असतील. आता भाजते.

सोमवार. सकाळी हळदीच्या बरणीमागून पाकीट काढलं आणि गिरणीत, दळणाच्या काट्यावर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. पहिलं दळण लताचं होतं, बाजरी. तिने पाकीट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तुमी बी?"

"वॉचमन रिटायर झाला," मी म्हटलं.

ती बाहेर पडणार होती ती थांबली. मामींच्या पोत्यावर बसली, पदराच्या गाठीतून आपली गोळी काढली आणि माठाकडे हात केला. मी दोन पेले भरले. गोळ्या घेतल्या. मग पट्टा चढवून तिची बाजरी टाकली.